लंगोटांचं पाणी

माहेरून निघताना माझ्या भावाने सामानात डायपरची दोन पुडकी कोंबली होती. जालन्याला पोचल्यावर उदयने ती बॅगेतून काढली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. आपटली नाहीत. तो कधीच काही आपटत नसे. रेवा माझ्या मांडीवर होती, तीन महिन्यांची. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्याशी दुधाला विरजण लावत होत्या.

"हे आपल्या घरात नको, सुवर्णा," तो म्हणाला. "कुणाला तरी देऊन टाक."

मी म्हटलं, प्रवासात लागले म्हणून घेतले, आता उरलेत ते रात्रीपुरते वापरू. त्यावर तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि समजावून सांगू लागला. उदय कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. समजावून सांगणं त्याला फार सुरेख जमायचं. गावाबाहेरच्या कचरा डेपोवर तो विद्यार्थ्यांना घेऊन गेला होता. तिथे डायपर कसे पडलेले असतात, कुत्री ते कसे फाडतात, पावसात ते कसे फुगतात, आपण सगळे गेल्यावर, आपली रेवा म्हातारी होऊन गेल्यावरही ते तिथे कसे तसेच असतील, असं सगळं त्याने सांगितलं. मला ते पटत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पुष्कळांना वाटलं की माझा त्याच्या कामालाच विरोध होता. तसं नव्हतं.

मी दोन-तीन पर्याय काढून पाहिले. बटणांचे, आत घडी घालायचे तयार कापडी डायपर मिळायला लागले होते. बांबूच्या तंतूंचेही कुठे मिळतात असं वाचलं होतं. उदयने त्यांचाही विचार करून ठेवला होता. पहिल्याचं वरचं कापड प्लास्टिकचंच असतं. दुसरे अर्ध्या देशातून ट्रकने येतात आणि पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत येतात. आईच्या जुन्या सुती लुगड्यांचे लंगोट हेच सगळ्यांत निर्मळ. आईंनी ते शिवूनही ठेवले होते, एक मोठी चळत, मऊसूत, कडा दुमडून हातशिलाई केलेले.

आणि मुख्य म्हणजे त्याने शब्द दिला होता. कॉलेजच्या संमेलनात, भरल्या मंडपात त्याने सांगितलं होतं की माझ्या मुलीचा एकही डायपर या जमिनीवर पडणार नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा मी सावंतवाडीत माहेरी होते आणि माझे टाके अजून ओले होते.

आमचं लग्न ठरवून झालेलं. पण त्याला "अहो" म्हणायचं नाही, "तू" म्हणायचं, हे त्यानेच साखरपुड्याच्या आधी मला सांगितलं होतं. समानतेचं त्याला फार अगत्य. सायकलवर कॉलेजला जायचा, पायजमे विरले की त्याचीच फडकी करायचा. असा नवरा मिळाला म्हणून माझ्या मैत्रिणी माझा हेवा करायच्या, आणि मलाही तो हेवा आवडायचा.

पहिला आठवडा लंगोट त्यानेच धुतले, हे मी कधी नाकारलं नाही. त्याच्या वसुंधरा मित्र मंडळाच्या सचिव कुलथेबाई आल्या होत्या, त्यांनी त्याचा धुण्याच्या दगडाशी बसलेला फोटो काढला. गुडघ्यापर्यंत पायजमा दुमडलेला, हातात लंगोट, चेहऱ्यावर हसू. तो फोटो स्थानिक पेपरात आला. मग कॉलेजच्या परीक्षा सुरू झाल्या आणि लंगोट माझ्याकडे आले. माझ्याकडून अर्धे आईंकडे गेले.

आई फार बोलत नसत. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बालवाडी चालवून त्यांनी उदयला वाढवला होता. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं धुतली-पुसली, तिला लंगोटांचं कौतुक ते काय असणार. एकदा दोघी पिळे वाळत घालत होतो, तेव्हा मी जरा कुरकुरले. त्या म्हणाल्या, "तो म्हणतो ते बरोबरच असतं गं. तेच अवघड असतं."

मग चैत्र लागला.

मी कोकणातली. आमच्या परसात विहीर, पावसाळ्यात हाताने पाणी घ्यावं इतकी वर आलेली. पाणी मोजायचं असतं हे मला जालन्यात कळलं. नळाला आठवड्याने पाणी यायचं ते दहा दिवसांनी यायला लागलं, मग बारा. आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं. पिंप, हंडे, बादल्या, कळश्या, अगदी पिठाचा रिकामा डबासुद्धा. आणि त्यातून लंगोट काढायचे. लहान मूल दिवसाला किती लंगोट ओले करतं हे ज्याने धुतले त्याला ठाऊक. आधी घाण काढायची, मग भिजवायचे, मग साबण, मग साबण निघेपर्यंत खळबळायचे. धुणं संपलं की पिंपाची पातळी वीतभर उतरलेली दिसायची.

आईंनी काही न बोलता स्वतःची आंघोळ एक दिवसाआड केली. आंघोळीचं पाणी त्या घमेल्यात साठवायच्या आणि लंगोटांना पहिला हात त्या पाण्याने मारायच्या. मीही तसंच करू लागले. उदयला हे आम्ही सांगितलं नाही असं नाही. मी सांगितलं. तो म्हणाला, "बघ, हाच तर खरा पुनर्वापर," आणि ते त्याने पुढच्या व्याख्यानात घेतलं.

वैशाखात रेवाच्या मांड्यांना पुरळ उठलं. आधी नुसतं लाल होतं. मग कातडी सोलवटली आणि लंगोट सोडताना त्याला रक्ताचा ठिपका लागायला लागला. ती इतकी रडायची की आवाज बसायचा आणि नुसतं तोंड उघडं दिसायचं. बालरोगतज्ज्ञांनी पाहिलं, कपड्यात साबण राहतोय म्हणाले. महिनाभर तयार डायपर वापरा, नाहीतर लंगोट भरपूर पाण्यातून काढा. दोन्हीतलं काहीही एक.

संध्याकाळी उदय घरी आल्यावर मी त्याला दोन्ही सांगितलं. त्याने रेवाच्या मांड्या पाहिल्या. त्याचे डोळे भरून आले होते, हेही खरं आहे. मलम लावायला त्याचाच हात हलका होता.

"मग भरपूर पाण्यातून काढू," तो म्हणाला.

"कुठलं पाणी, उदय?"

"काढू काहीतरी. टँकर सांगतो मी. पण सुवर्णा, एका महिन्यासाठी म्हणून एकदा सुरू झालं की ते सुटत नाही. मी लोकांना हेच सांगत फिरतो. आणि माझ्याच घरात?"

टँकर त्याने सांगितला. पण त्या दिवसांत टँकर सांगणारा तो एकटाच नव्हता. नंबर लागायला आठवडे जात होते. आमचं हे बोलणं चाललेलं असताना आई आतल्या खोलीत रेवाचा पाळणा हलवत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

आमच्या मागल्या गल्लीत शमीमभाभींचं घर होतं. त्यांच्या अंगणातल्या बोअरला अजून थोडं पाणी होतं. दुपारी दोन वाजता गल्लीत चिटपाखरू नसताना आई कळशी घेऊन निघाल्या. मी विचारलं, कुठे निघालात. त्या म्हणाल्या, "भाभीकडे जाऊन येते गं." मी पहिल्या दिवशी अडवलं, दुसऱ्या दिवशी भांडले. मी जाते म्हटलं, तर म्हणाल्या की पोरगी एका जागी राहायलीय का तुझ्याशिवाय, आणि आजवर मी काय पाण्याला गेले नाही का. पासष्ट ओलांडलेल्या होत्या. भाभींनी त्यांना हापसू दिलं नाही, त्या स्वतः मोटर लावून देत, पण कळशी उचलून आणायची ती आईंनाच. आपली एक कळशी कडेवर आणि भाभींची एक हातात. असे आठ-दहा दिवस गेले. रेवाच्या मांड्यांवर नवी कातडी धरू लागली. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, निभावलं.

त्या दुपारी भाभींची सून धावत आली. मी रेवाला तशीच खांद्यावर घेऊन निघाले. आई बोअरजवळच्या शेवाळलेल्या फरशीवर आडव्या पडल्या होत्या, लुगडं पूर्ण भिजलेलं, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. भाभी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि रडत होत्या. आई रडत नव्हत्या. मला बघून त्यांनी विचारलं, "कळशी फुटली नाही ना? भाभीची आहे ती."

खुब्याचं हाड मोडलं होतं. औरंगाबादला नेऊन ऑपरेशन केलं. उदय रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होता, त्याने जेवणही सोडलं होतं. पण तो सगळ्यांना सांगत होता की आई घसरून पडली. कुठे, कशासाठी, हे कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मला वाटलं, आत कुठेतरी त्याला लागलं असेल. आपण होऊन बोलेल. मी थांबायचं ठरवलं.

आईंना घरी आणलं तेव्हा त्यांना कूस बदलता येत नव्हती. सगळं अंथरुणात. त्याच संध्याकाळी उदय बाजारात गेला आणि सायकलला मोठी कापडी पिशवी अडकवून परत आला. पिशवीत मोठ्या माणसांच्या डायपरची पुडकी होती. ती त्याने आईंच्या पलंगाखाली सरकवली आणि वरची चादर खालपर्यंत सोडली. मला म्हणाला, घंटागाडीत टाकताना नीट कागदात गुंडाळून टाक, वर दिसू देऊ नकोस.

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"तू अशी बघू नकोस," तो म्हणाला. "आईची गोष्ट वेगळी आहे. ती आजारी आहे."

"आईंचे कपडेही धुईन मी. तुझा शब्द आहे ना लोकांना."

"शब्द रेवाबद्दलचा होता." मग त्याचा आवाज उतरला. "माझी आई ओल्यात पडलेली मला बघवणार नाही, सुवर्णा."

"आणि रेवा?"

तो म्हणाला की तू दमली आहेस, आपण नंतर बोलू.

पडद्यापलीकडे आई जाग्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उदय कॉलेजला जायच्या आधी त्यांच्या पायाशी बसला होता. रोज बसायचा. मी रेवाला घेऊन दारात उभी होते. आईंनी त्याला हाताने जवळ बोलावलं.

"उदय, आता पुरे झालं," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी आणलंस ना? मग पोरीलाही आण. घरात पाणी नाही. ही एकटी काय काय धुईल?"

त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "आई, तू आधी बरी हो. मग सगळं बघू."

"मी बरी होईन तेव्हा होईन. तू आण."

"हो, आई," तो म्हणाला आणि कॉलेजला गेला. संध्याकाळी तो आईंसाठी डाळिंबं घेऊन आला. दुसरं काही आणलं नाही. आईंनी पिशवीकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही काढला. स्वतःच्या आईला हो म्हणूनही न आणणाऱ्या माणसाशी मी काय बोलणार होते.

पडून पडून त्यांच्या छातीत कफ साठला. जूनच्या अखेरीस पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. शेवटचे चार-पाच दिवस त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. बोलणं नव्हतंच. डोळे उघडायच्या, रेवा दिसली की बोटं हलवायच्या. मी तिथे होते. उदयही होता. एक दिवस पहाटे त्या गेल्या.

त्या वर्षी पाऊस रुसला. श्रावण आला तरी नळाची तीच तऱ्हा. टँकर आता महिन्यातून दोनदा यायचा. मी एकटी लंगोट धूत होते. शमीमभाभी अधूनमधून त्यांच्या सुनेकडून एक हंडा पाठवायच्या, पण मी तिकडे गेले नाही. त्या फरशीवर पाय ठेवायची माझी हिंमत नव्हती.

ऑगस्टमध्ये मंडळाचा वर्धापनदिन होता. नगरपालिकेच्या सभागृहात. कुलथेबाई घरी येऊन सांगून गेल्या की यंदापासून आईंच्या नावाने एक उपक्रम सुरू करायचा आहे, गावोगावच्या बाळंतिणींना सुती लंगोटांचा संच द्यायचा, "इंदुमती औंढेकर मातृवस्त्र योजना". रेवाला घेऊन तुम्ही यायलाच हवं.

मी गेले. मंचावर आईंचा फोटो होता, बालवाडीच्या दिवसांतला, हार घातलेला. मला पहिल्या रांगेत बसवलं. सभागृह भरलं होतं. उदय बोलायला उभा राहिला.

त्याने आईंची सगळी हकीकत सांगितली. बालवाडी, कष्ट, लुगड्यांतून शिवलेले लंगोट. मग त्याने सांगितलं की भर उन्हात, नातीच्या लंगोटांना पाणी कमी पडू नये म्हणून माझी आई कळशी घेऊन दुसऱ्याच्या दारी गेली आणि तिथेच पडली. मी ताठ बसले. इतक्या महिन्यांत ही गोष्ट त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं, आता तो म्हणेल. एवढ्या लोकांपुढे म्हणेल.

"शेवटच्या दिवशी," तो म्हणाला, "तिने माझा हात हातात घेतला. मला म्हणाली, बाळा, उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस."

त्याचा आवाज फुटला. सभागृहात बायका पदराने डोळे पुसत होत्या.

मी उदयबरोबर जेवढी वर्षं काढली, त्यांत त्याला खोटं बोलताना मी कधी पाहिलं नाही. तेव्हाही तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते तसंच आठवत होतं. हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. लबाड माणसाशी भांडता येतं.

कुलथेबाईंनी मला मंचावर बोलावलं. शाल, श्रीफळ. मग दोन शब्द बोला म्हणाल्या. मी कधी चार लोकांत बोललेली नव्हते. कडेवर रेवा होती, हातात नारळ होता, तो मी टेबलावर ठेवला.

"मी तिथे होते," मी म्हटलं. "आईंचे शब्द मला नीट आठवतात. त्या उदयला म्हणाल्या, उदय, आता पुरे झालं."

मला पुढचं सगळं सांगायचं होतं. डाळिंबाच्या पिशवीचं, भिंतीकडे वळवलेल्या तोंडाचं, घरात पाणी नाही म्हणाल्या त्याचं. पण तेवढ्यात रेवाने रडायला सुरुवात केली आणि कुलथेबाईंनी पुढे होऊन माझ्या पाठीवर हात ठेवला, माइक हळूच आपल्याकडे घेतला.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज कापत होता. "एका माउलीचे शब्द. पुरे झालं. पुरे झालं हे प्लास्टिक, पुरे झाला हा कचरा."

टाळ्या सुरू झाल्या. थांबेनात. लोक उभे राहिले. मी मंचावर उभी होते, खांद्यावर शाल, आणि सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते.

पुढे ते मंडळाचं घोषवाक्यच झालं. कापडी पिशव्यांवर छापलं, वर आईंचं चित्र.

घरी जाताना रिक्षात रेवा माझ्या मांडीवर झोपली. उदय बराच वेळ बाहेर बघत होता. मग त्याने माझा हात हातात घेतला. त्याचे डोळे अजून ओले होते.

"छान बोललीस," तो म्हणाला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कुठे काही हलतंय का, कुठे काही आठवतंय का, शोधलं. काही नव्हतं. निर्मळ चेहरा होता.

त्या आठवड्यातच मी सावंतवाडीला आले. थोडे दिवस माहेरी जाते म्हणून निघाले आणि परत गेले नाही. उदय दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा त्याने शांतपणे विचारलं, माझं काय चुकलं ते सांग. दोन्ही वेळा मी सांगितलं. त्याने मान खाली घालून, लक्ष देऊन ऐकलं, आणि म्हणाला की तू आईच्या जाण्यातून अजून सावरलेली नाहीस. तिसऱ्यांदा आला नाही. रेवा आता सुटीत त्याच्याकडे जाते. तिचं तिच्या बाबांशी छान जमतं.

सावंतवाडीत भावाने पहिल्याच दिवशी विचारलं, डायपर आणू का. मी नको म्हटलं. परसात विहीर भरलेली होती, हाताने पाणी घ्यावं इतकी. रेवा चालायला लागेपर्यंत मी तिला लंगोटच बांधले, आईंनी शिवलेले. पाणी होतं आणि धुणारी मी होते, मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

हे उदयला कुणीतरी कळवलं असावं. आता त्याच्या भाषणात तेही असतं, असं ऐकते.